डबा गार, घर गप्प!

दिवेआगर म्हटलं की ऑफिसातल्या पब्लिकला दोन गोष्टी आठवतात. लांबलचक बीच आणि गरमागरम उकडीचे मोदक. मी त्यात तिसरी घालते, तिथली रात्र. सीझनचे शनिवार-रविवार सोडले तर साडेनऊनंतर गाडीचा आवाज नाही, हॉर्न नाही, वरच्या मजल्यावरच्यांचं फर्निचर सरकवणं नाही. वाडीतले रातकिडे आणि लांबून येणारी समुद्राची गाज, बस्स. अशा घरात फ्रिज सुरू झाला तरी कळतं. आणि टीव्हीखालच्या कपाटातला कॉम्प्युटर घरघरायला लागला की विमानतळाशेजारी राहायला आल्यासारखं वाटतं.

तर मंडळी, या आठवड्याचा विषय हाच. होम थिएटर पीसी, म्हणजे टीव्हीला जोडून ठेवायचा आटोपशीर कॉम्प्युटर, गार कसा ठेवायचा आणि गप्प कसा बसवायचा? दिवेआगर अशासाठी, की उन्हाळा, दमट हवा, खारा वारा आणि जाम शांत रात्र, या सगळ्या पेपरांना हा डबा तिथे एकदम बसतो. तिथे पास झाला तर तुमच्या कांदिवलीच्या किंवा खारघरच्या फ्लॅटमध्ये डिस्टिंक्शन काढणार!

आवाजाचं बजेट

माझ्या काका-काकूंचं घर तिथे आहे. काकू पाहुण्यांसाठी घरगुती खानावळ चालवते. पहाटे पाचला उठायचं, म्हणून रात्री साडेनऊला ती माजघरात आडवी होते. काकांचा दिवस तेव्हा सुरू होतो. पुढच्या खोलीत टीव्ही लावून जुन्या नाटकांची रेकॉर्डिंग्ज बघायची. दोन खोल्यांच्या मध्ये फळ्यांचं पार्टिशन, आणि वर कौलांपर्यंत मोकळं.

आवाज वाढवला की आतून काकू, ‘‘अहो, झोपू द्या की!’’ कमी केला की काकांना संवाद कळत नाहीत. गंमत म्हणजे रेकॉर्डिंगमधला प्रेक्षकांचा हशा व्यवस्थित ऐकू येतो, त्याआधीचा विनोद नाही. मग काका शेजारी बसलेल्याला विचारतात, ‘‘काय म्हणाला गं तो?’’ काकूचं निदान झालं होतं, ‘‘यांना आता कानाचं मशीन घ्यायला हवं.’’

कान तपासले. वयाप्रमाणे थोडे उतरलेत, पण मशीन लागावं इतके नाहीत. खरा व्हिलन कपाटात बसला होता. पंख्याचा आवाज म्हणजे एक सलग ‘हिस्स’. आपले स, श, फ, ख हेही तसेच हवेचे आवाज. वय वाढलं की कानाची बारीक, उंच पट्टीतले आवाज टिपायची ताकद आधी कमी होते. त्यावर पंख्याची फुसफुस चढली की व्यंजनं गायब होतात आणि उरतात ते नुसते आ-ई-ऊ! म्हणजे बजेटची वरची मर्यादा काकूची झोप, खालची मर्यादा पंखा. काकांचं नाटक त्या दोघांच्या मध्ये मावायला हवं.

आता तुम्ही म्हणाल, हा डबा हवाच कशाला? एक स्ट्रीमिंग स्टिक लावा, विषय संपला. पण त्या डब्यात कॅसेट आणि सीडीवरून उतरवून घेतलेली नाटकं आहेत, चुलतबहिणीचं लग्न आहे, आणि ओटीवर बसून सुपारी सोलणारे आजोबा आहेत. हे कुठल्या ॲपवर मिळणार? शिवाय पावसात नेट गेलं की स्टिकचा खुळखुळा होतो.

पंख्याचं गणित

जुना डबा चुलतभावाने २०१२ साली एका दुकानातून असेंबल करून आणला होता. ६५ वॅटचा प्रोसेसर, चपटी कॅबिनेट, आत पिटुकला पंखा. कॅबिनेट जितकी छोटी तितका पंखा छोटा, आणि छोट्या पंख्याला तेवढीच हवा ढकलायला जास्त पळावं लागतं. १२० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांत जे काम आरामात करतो, त्यासाठी ४० मिलिमीटरचा पंखा हजारो फेऱ्या मारत किंचाळतो.

इथला फंडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. आणि १० डेसिबल उतरले की कानाला आवाज जवळपास निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणजे वेगातली थोडी कपातसुद्धा आवाजात मोठी सूट देते.

अडचण एकच. हवा निम्मी केली तर आतली उष्णता जाणार कुठे? ६० वॅट उष्णता आणि मिनिटाला १० घनफूट हवा असा हिशेब मांडा. बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा साधारण १० अंशांनी गरम असते. हवा निम्मी केली की हा फरक २० अंश. म्हणून नुसता ‘सायलेंट’ पंखा विकत आणून प्रश्न सुटत नाही. त्याच्या वाट्याचं कामच कमी करावं लागतं. उष्णता निम्मी करा, म्हणजे तेवढ्याच तापमानात पंखा निम्म्या वेगाने चालेल. गार ठेवणं आणि गप्प बसवणं ही दोन कामं नाहीतच.

उष्णता येते कुठून?

कॉम्प्युटर जितकी वीज खातो, जवळपास तितकी सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ६० वॅटचा डबा बंद कपाटात ठेवणं म्हणजे जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब कपाटात पेटता ठेवून दार लावणं. त्यात खोलीच तापलेली असेल तर ते अंश वर जमा. २४ अंशांच्या एसी रूममध्ये ६० अंशांवर असणारी चिप मे महिन्यात ३४ अंशांच्या खोलीत ७० च्या घरात जाते.

काकांच्या घराला पूर्वी वाडीची सावली होती. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि दिवेआगरच्या सुपारीच्या, नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या. कौलं नवीन बसली, रोपंही लावली. पण नवी सुपारी उत्पन्नावर यायलाच पाच-सात वर्षं घेते, जुन्या झाडांची उंची गाठायला त्याहून जास्त. तोवर दुपारचं ऊन थेट छपरावर. पुढची खोली रात्री दहापर्यंत तापलेली राहते, आणि पंखा त्या हिशेबाने पळत राहतो.

सुदैवाने कॉम्प्युटरची दुनिया इतक्यात बदलली आहे. २००१ मध्ये व्हिया कंपनीने १७ बाय १७ सेंटिमीटरचा मिनी-आयटीएक्स बोर्ड आणला, तेव्हा छोटा पीसी म्हणजे हौशी लोकांची चैन होती. सिनेमा बघायला तगडा प्रोसेसर लागायचा. आज व्हिडिओ उलगडण्यासाठी चिपच्या आत वेगळा विभागच असतो, त्याला हार्डवेअर डीकोडिंग म्हणतात. इंटेलची २०२३ ची एन-१०० ही चिप अधिकृत हिशेबाने ६ वॅटची आहे. क्षणिक धावपळीत ती जास्त खाते, पण ४के सिनेमा मजेत चालवते. ६५ कुठे आणि ६ कुठे!

मात्र तो विभाग खरोखर वापरला जातोय का, हे तपासा. सिनेमा सुरू करा आणि विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा. जीपीयूच्या पानावर ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख हलत असेल तर उत्तम. तो झोपलेला आणि सीपीयू ८०-९० टक्क्यांवर असेल, तर सगळी मजुरी प्रोसेसर करतोय. प्लेअरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर डीकोडिंग सुरू करा. तेवढ्यानेच पंख्याचा पारा उतरलेला मी पाहिलाय, तोही फुकटात.

दुसरी फुकट युक्ती. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के करा. बहुतेक मशीनवर त्याने टर्बो बंद होतो, म्हणजे प्रोसेसर उगाच उसळी मारत नाही. नाटक बघताना कुणाला काही कळत नाही, पंख्याचं मधूनच घों-घों मात्र थांबतं.

खारा वारा

समुद्राकाठी एक जादा भानगड आहे. हवेतून मीठ येतं आणि पंखा ते इमानेइतबारे आत ओढतो. मिठाचा स्वभाव असा की हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते पाणी शोषून विरघळतं. काकूच्या बरणीतलं मीठ पावसाळ्यात ओलं होतं ना, तेच. कोकणात पावसाळाभर आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे सर्किटवर बसलेली धूळ तेव्हा धूळ राहत नाही, खाऱ्या पाण्याचा पातळ थर होते. मग जोडांवर गंज, पांढरी पूड, हिरवट डाग. जुन्या डब्याची हार्ड डिस्क कुरकुरायला लागली होती, आणि आजोबांच्या व्हिडिओची कॉपी फक्त तिच्यावर. ती आधी उतरवून घेतली, मग बाकीचं बघितलं.

म्हणून तिथे कमी पंखा म्हणजे नुसती शांतता नाही, मशीनचं आयुष्यही आहे. आम्ही एन-१०० चा बिनपंख्याचा डबा घेतला. त्याची धातूची पाठच हीट सिंक, तिला पन्हळीसारख्या उभ्या खाचा. आत एसएसडी, म्हणजे फिरणारं काहीच नाही. दिवेआगरचं तांब्याशी नातं तसं जुनं, तिथला शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा ताम्रपट मराठीच्या अभ्यासकांना चांगला माहीत आहे. तांबं ॲल्युमिनियमच्या साधारण पावणेदोन पट उष्णता वाहून नेतं, म्हणून चांगल्या डब्यांत चिपवर तांबं असतं आणि बाहेरचं अंग ॲल्युमिनियमचं. खरेदी करताना एवढं विचारा.

डबा कपाटातून काढून टीव्हीच्या बाजूला भिंतीवर उभा लावला, खाचा वर-खाली येतील असा. गरम हवा आपोआप वर जाते आणि खालून थंड येते. पंख्याचं काम फुकटात! मे महिन्यात नाटक सुरू असताना चिप साठीच्या आसपास असते. अशा चिपा शंभरीच्या आसपास स्वतःच वेग कमी करतात, त्यामानाने निवांत. काकांचा टीव्ही पूर्वी २६ वर असायचा, आता १५ वर. हशाच्या आधीचा विनोदही ऐकू येतो. काकूने मात्र दोन दिवसांनी विचारलं, ‘‘अगं, यांनी नाटकं बघायची सोडली का?’’

आणि तुमच्या वन बीएचकेत?

तुमच्याकडे काका नसतील, पण बेडरूममध्ये झोपवलेलं बाळ असेल, सकाळच्या शिफ्टचा रूममेट असेल किंवा दहा वाजता भिंत ठोकणारे शेजारी. गणित तेच. नवीन डबा घ्यायलाच हवा असंही नाही. या गोष्टी याच शनिवारी करता येतील.

१. डबा टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा. ते जमत नसेल तर कप्प्याची मागची फळी काढा. चारी बाजूंनी वीतभर मोकळी जागा हवी.

२. डब्याखाली रबराचे पाय किंवा फोमचा तुकडा ठेवा. लाकडी युनिट तबल्यासारखं घुमतं. निम्मी घरघर पंख्याची नसून फर्निचरची असते.

३. फिरणारी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाका. जुनी डिस्क बॅकअपसाठी ठेवा. घरचे व्हिडिओ कायम दोन ठिकाणी हवेत.

४. पंखा असेल तर महिन्यातून एकदा जाळी ब्रशने झाडा. झाडताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, फिरू देऊ नका. चार-पाच वर्षं जुन्या मशीनची थर्मल पेस्ट वाळलेली असते, ती बदलून घ्या.

५. एसीच्या झोताखाली डबा ठेवू नका. एसी बंद करून पावसाळ्यात खिडकी उघडली की थंडगार धातूवर दमट हवेचं पाणी जमतं. किंचित कोमट डबा दमट हवेत कोरडा राहतो.

६. गावचं घर महिनाभर बंद ठेवणार असाल तर डबा पूर्ण गार आणि कोरडा झाल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. आपण पापड ठेवतो तसाच. सुरू असलेल्या, भोकं असलेल्या कॅबिनेटमध्ये त्या पुड्या टाकून उपयोग नाही, सगळ्या कोकणाची हवा त्या किती सुकवणार?

हे सगळं करून झालं की एकदा रात्री टीव्ही म्यूट करा, पंखे बंद करा आणि सोफ्यावर दोन मिनिटं नुसते बसा. डब्याचा आवाज येतोय का? येत असेल तर वरच्या यादीत पहिल्यापासून पुन्हा सुरुवात. येत नसेल तर म्यूट काढा आणि आवाज नेहमीपेक्षा चार घरं खाली ठेवून सिनेमा लावा. संवाद कळतात की नाही बघा!