मधुमेह, हृदयविकार आणि डी-डायमरची भीती

कोविडच्या काळात डी-डायमर हा शब्द घराघरांत पोहोचला. साथ ओसरली, पण तपासणी मागे राहिली. आता हेल्थ चेकअपच्या काही पॅकेजमध्ये हृदयाचा धोका ओळखण्यासाठी म्हणून डी-डायमर आणि फायब्रिनोजेन असतात. मधुमेही रुग्ण रिपोर्टमधला ठळक छापलेला आकडा पाहून घाबरतात आणि विचारतात, "डॉक्टर, रक्त घट्ट झालंय का? ॲस्पिरिन सुरू करू का?"

माझं मत स्पष्ट आहे. कोणतंही लक्षण नसलेल्या मधुमेही व्यक्तीने हृदयाचा धोका मोजण्यासाठी या तपासण्या करू नयेत.

भीतीमागचं शास्त्र मात्र खरं आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीतला चरबीचा थर फाटतो, तिथे प्लेटलेट्स चिकटतात, फायब्रिनचं जाळं तयार होतं आणि गुठळी वाहिनी बंद करते. हाच हार्ट अटॅक. मधुमेहात प्लेटलेट्स जास्त चिकट होतात आणि फायब्रिनोजेन वाढलेलं असू शकतं. पोटाचा घेर वाढलेल्यांमध्ये पीएआय-१ हे प्रथिनही वाढतं. ते गुठळी विरघळू देत नाही. फायब्रिनोजेन जास्त असलेल्यांना हृदयविकार जास्त होतो, हे अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासात १९८७ मध्येच दिसलं होतं.

मग तपासणी का नको?

पहिलं कारण, हे आकडे फक्त हृदयाबद्दल बोलत नाहीत. जंतुसंसर्ग, धूम्रपान, शरीरातली कुठलीही सूज यांनी फायब्रिनोजेन वाढतं. डी-डायमर तर वयानुसार, मार लागल्यावर, ऑपरेशननंतरही वाढतं. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी असल्याची शंका फार प्रबळ नसेल, तेव्हा डी-डायमर नॉर्मल आलं तर ती शंका बहुधा दूर करता येते.

दुसरं कारण, रिपोर्ट काहीही आला तरी उपचार बदलत नाहीत. फायब्रिनोजेन कमी करून हार्ट अटॅक टाळणारं सिद्ध झालेलं औषध आपल्याकडे नाही.

तिसरं आणि माझ्या काळजीचं कारण म्हणजे मनाने सुरू केलेलं ॲस्पिरिन. ॲस्पिरिन रक्त 'पातळ' करत नाही, प्लेटलेट्सचा चिकटपणा कमी करतं. ब्रिटनमध्ये पंधरा हजारांहून अधिक मधुमेही व्यक्तींवर झालेल्या 'असेंड' अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. या लोकांना आधी हृदयविकार नव्हता. सुमारे सात वर्षांत हार्ट अटॅक, पक्षाघात अशा गंभीर घटना ॲस्पिरिन न घेणाऱ्यांत ९.६ टक्के, तर घेणाऱ्यांत ८.५ टक्के लोकांना झाल्या. पण गंभीर रक्तस्राव ३.२ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेला. म्हणजे हजार लोकांत अकरा जण वाचले आणि नऊ जणांना रक्तस्राव झाला. हा सौदा कोणाच्या फायद्याचा, हे पोटाच्या अल्सरचा इतिहास, वय, किडनी आणि इतर औषधं पाहून डॉक्टरांनीच ठरवावं.

तोच पैसा कुठे घालावा? रक्तदाब, एलडीएल कोलेस्टेरॉल, एचबीए१सी आणि लघवीतलं अल्ब्युमिन. या चारही गोष्टींचा आकडा बिघडला तर त्यावर उपाय आहे. 'कार्ड्स' या २००४ च्या अभ्यासात एलडीएल फारसं वाढलेलं नसलेल्या मधुमेही लोकांना ॲटोरवास्टॅटिनची १० मिलिग्रॅमची गोळी दिली, तेव्हा हृदय आणि मेंदूच्या गंभीर घटना एक तृतीयांशाहून अधिक कमी झाल्या. आणि बिडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री सोडायला तर कुठलीच लॅब लागत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. ज्यांना आधी हार्ट अटॅक किंवा गुठळीमुळे पक्षाघात झालाय, स्टेंट बसवलाय किंवा बायपास झालीय, त्यांनी हा लेख वाचून ॲस्पिरिन अजिबात बंद करू नये. त्यांच्यासाठी हिशेब वेगळा आहे. आणि एकच पाय अचानक सुजला, दम लागला, छातीत दुखलं किंवा दरदरून घाम फुटला, तर लॅबमध्ये नव्हे, थेट हॉस्पिटलमध्ये जा. मधुमेहात हार्ट अटॅक कधी कधी छातीत न दुखताही येतो.