हाताला काम, पण कामाला गुरू कोठे?

कंधारचा भुईकोट किल्ला आणि त्याच्या परिसरातील जगत्तुंग सागर ज्यांनी उभारला, ते पाथरवट, गवंडी आणि लोहार कोणत्याही शाळेत गेले नव्हते. कामाच्या जागी, जाणत्या कारागिराच्या नजरेखाली ते शिकले होते. राष्ट्रकूटांच्या काळी वैभवास पोचलेल्या या गावी आज शाळा आहेत, महाविद्यालय आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. आणि तरीही तालुक्यातील तरुण पदवीचे भेंडोळे घेऊन नांदेडच्या एसटीची वाट पाहत उभा असतो, किंवा ते भेंडोळे घरी ठेवून हैदराबादच्या नाही तर पुण्याच्या बांधकामावर बिगारी म्हणून दाखल होतो. वाडी-तांड्यांवरील कुटुंबे दसरा उलटला की उसाच्या फडाकडे निघतात. शिक्षण वाढले पण काम वाढले नाही, असे या स्थितीचे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. ते निम्मेच खरे आहे. जेथे काम आहे, तेथे ते शिकविण्याची व्यवस्था नाही, हे उरलेले निम्मे सत्य होय.

ही व्यवस्था निर्माण करावयाची म्हणून महाराष्ट्र शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. १८ ते ३५ वर्षे वयाच्या तरुणांनी सहा महिने कार्यालयात, कारखान्यात वा अन्य आस्थापनेत प्रत्यक्ष काम शिकावे, आणि शासनाने बारावी उत्तीर्णास दरमहा सहा हजार, आयटीआय वा पदविका झालेल्यास आठ हजार व पदवीधरास दहा हजार रुपये विद्यावेतन द्यावे, अशी ही कल्पना. कल्पना चांगली आहे. कामाच्या जागी शिकण्यासारखे शिक्षण नाही, हे तत्त्व तिने मान्य केले. तथापि पुढे काय घडले? २०२५ साली मुदत एकूण अकरा महिन्यांपर्यंत वाढविण्यात आली, आणि ती संपत येताच प्रशिक्षणार्थींनी ‘आम्हाला सेवेत कायम करा’ अशी मागणी लावून धरली.

या मागणीची थट्टा करणे सोपे आहे. प्रशिक्षण म्हणजे नोकरी नव्हे, असे नियमावर बोट ठेवून सांगताही येते. परंतु ही मागणी का होते, याचा विचार केला पाहिजे. अकरा महिन्यांत ज्याच्या हाती एखादे कसब आले, तो ते कसब घेऊन चार दारे ठोठावू शकतो. ज्याने अकरा महिने आवक-जावक नोंदविली, नकलांचे गठ्ठे बांधले आणि साहेबांच्या टेबलापर्यंत फायली पोचविल्या, त्याला ते एकच दार ठाऊक असते. कायम करण्याची मागणी म्हणजे आपल्याला काही शिकविले गेले नाही, याची तक्रारच होय.

हमी मिळाली, कसब नाही

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आणि १९७२ च्या दुष्काळाच्या झळीतून रोजगार हमी योजना आकारास आली. १९७७ साली तिचा कायदा झाला. काम मागणे हा हक्क आहे, असे कायद्याने मान्य करणारे राज्य म्हणून महाराष्ट्राचे नाव झाले, ते रास्तच होते. मराठवाड्यातील लक्षावधी कुटुंबे त्या कामावर जगली. मात्र ते काम अकुशल श्रमाचे होते. दहा वर्षे खडी फोडणारा दहा वर्षांनीही खडी फोडणाराच राहिला. ज्या पाझर तलावावर त्याने माती टाकली, त्याच तलावाच्या पिचिंगचे काम शिकून तो गवंडी व्हावा, अशी तरतूद योजनेच्या गाभ्यात नव्हती. दुष्काळात पोट आधी भरावे लागते, त्यामुळे त्या वेळी हे क्षम्य होते. पन्नास वर्षांनंतर तीच उणीव नव्या नावाने चालू राहिली तर ती क्षम्य ठरणार नाही.

कायद्याचा अभाव आहे, असेही नाही. शिकाऊ उमेदवारांविषयीचा केंद्रीय कायदा १९६१ चा आहे. २०१४ साली तो सुधारण्यात आला; २०१९ च्या नियमांनुसार ३० वा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांनी मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावयाचे आहेत. एसटी महामंडळ मोटार मेकॅनिक, वीजतंत्री, संधाता अशा व्यवसायांत उमेदवार घेते. महावितरण तारतंत्री आणि वीजतंत्री घेते. उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही, हे खरे. पण उत्तर प्रदेशातील परिवहन महामंडळाच्या उमेदवारांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले, की अन्य गोष्टी समान असतील तर थेट भरतीतील उमेदवारापेक्षा प्रशिक्षित उमेदवाराला प्राधान्य मिळावे. ज्या यंत्रणेने माणूस घडविला तिनेच त्याला विसरावे, हे न्यायालयालाही रुचले नाही.

कारखाना नसलेल्या गावाचे काय?

प्रश्न उरतो तो कंधारसारख्या गावाचा. येथे मोठा कारखाना नाही, रेल्वे नाही. नांदेडची औद्योगिक वसाहत पन्नासेक किलोमीटरवर. लातूरजवळ हरंगुळ येथे रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिला, डिसेंबर २०२० मध्ये तेथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. पण सहा-आठ हजारांच्या विद्यावेतनात लातुरास खोली घेऊन राहणे कंधारच्या शेतमजुराच्या मुलाला परवडणारे नाही. मग शिकावयाचे कोठे?

शिकण्याच्या जागा गावातच आहेत. त्यांच्याकडे कोणी कार्यशाळा म्हणून पाहिलेले नाही. एसटीचे आगार आहे. महावितरणचे उपकेंद्र आहे. ट्रॅक्टर आणि मोटारसायकली दुरुस्त करणारी गॅरेजे आहेत. पंपाची मोटार भरून देणारे कारागीर आहेत, वेल्डिंगची दुकाने आहेत, तालुक्यात जागोजागी घरे बांधणारे मिस्त्री आहेत. यांपैकी पुष्कळांकडे दोन-तीनच माणसे कामाला असतात, त्यामुळे एकेकटे ते कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. परंतु अनेक मालकांनी एकत्र येऊन उमेदवारांना आळीपाळीने आपापल्या आस्थापनांत प्रशिक्षण द्यावे, अशी मुभा त्याच कायद्यात आहे. ज्या तालुक्यात एकही मोठा कारखाना नाही, तेथे हेच कलम सर्वांत मोलाचे ठरावे. पंधरा दुकाने, एक आगार आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांची सांगड घातली, तर तालुक्याचा एक कारखानाच तयार होतो.

जर्मनीचा दाखला या संदर्भात नेहमी दिला जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने तेथील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करारही केला. तेथील उमेदवार आठवड्यातील तीन-चार दिवस कामावर व एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत असतो, हे सर्वश्रुत आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की तेथे शिकविणाऱ्यालाही शिकविण्याची पात्रता सिद्ध करावी लागते, आणि अंतिम परीक्षा मालक घेत नाही, तर उद्योगांच्या व कारागिरांच्या मंडळांची परीक्षा समिती घेते. गावातला बेकरीवालाही या व्यवस्थेचा भाग असतो. आपल्याकडे विद्यावेतनाच्या आकड्यावर चर्चा झाली. शिकवावयाचे कोणी, काय आणि किती, यावर झाली नाही.

उस्तादाकडे शागीर्द ठेवण्याची आपली जुनी पद्धत होतीच की, असे कोणी म्हणेल. होती, पण तिचे गोडवे गाताना तिचे दोष झाकू नयेत. ती जातीच्या भिंतीआड चालत होती. सुताराचे कसब सुताराच्याच घरी राहत असे. दलितांना आणि स्त्रियांना तेथे प्रवेश नव्हता. आजही गॅरेजमधला पोरगा वर्षानुवर्षे पाने-पक्कड पुसत राहतो, आणि इंजिन केव्हा उघडू द्यावयाचे ते मालकाच्या मर्जीवर असते. कायद्याने शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, विद्यार्थी होय. त्याला स्वस्त मजूर म्हणून राबविले, तर विद्यार्थ्याचे शिक्षण आणि कामगाराचे संरक्षण या दोहोंना तो मुकतो. म्हणूनच प्रवेश खुला हवा, मुलींना त्यात रास्त जागा हवी, आणि परीक्षा त्रयस्थाची हवी.

चार गोष्टी

करावयाच्या गोष्टी फार नाहीत. पहिली, प्रत्येक प्रशिक्षणार्थीमागे शिकविणाऱ्याचे नाव ठरलेले असावे आणि त्या फोरमनला, मिस्त्रीला वा लिपिकाला त्याबद्दल मानधन मिळावे. शिकणाऱ्याला विद्यावेतन आणि शिकविणाऱ्याला केवळ आदेश, हा व्यवहार टिकणारा नाही. दुसरी, कोणत्या महिन्यात कोणते काम हाताखालून गेले, याची नोंदवही असावी आणि ती औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने तपासावी. तिसरी, शेवटी बाहेरच्या परीक्षकांसमोर काम करून दाखविण्याची परीक्षा व्हावी.

चौथी गोष्ट आज कामावर असलेल्या कामगारांसाठी आहे. वीस वर्षे भिंती रचणारा कंधारचा गवंडी परगावी मुकादमाच्या लेखी बिगारीच असतो, कारण त्याच्यापाशी कागद नाही. आधीच अवगत असलेल्या कसबाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य योजनेत २०१५ पासून झाली. ती तांड्यापर्यंत पोचली पाहिजे. बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी १९९६ च्या कायद्यांनी उपकर आणला आणि महाराष्ट्रात तो बांधकाम खर्चाच्या एक टक्का ठेवला गेला. त्या निधीतून मजुरांना भांड्यांचे संच देण्यात आले. संसाराला भांडी लागतातच. पण त्याच पैशातून कामाच्या जागी गवंड्याची परीक्षा झाली, तर तो स्वतःच्या मजुरीतून भांडी घेऊ शकेल.

खेड्यातील मुलांना शिक्षण मिळावे म्हणून भाई केशवराव धोंडगे यांनी कंधारात संस्था काढली आणि तिच्या नावातच ‘मोफत’ हा शब्द घातला. त्या शब्दाने या भागातील कित्येक घरांत पहिला पदवीधर निर्माण केला. त्या पदवीधराच्या मुलांचा प्रश्न आता वेगळा आहे, आणि तो केवळ मंत्रालयात सुटणारा नाही. नोंदवही प्रामाणिकपणे भरणारा लिपिक, प्रशिक्षण संस्थेतून आगारात जाऊन विचारपूस करणारा शिक्षक, आणि ‘मला आज काय शिकविणार?’ असे पहिल्याच दिवशी विचारणारा विद्यार्थी यांच्यावाचून कोणतीही योजना कागदावरून खाली उतरत नाही. पुढील तुकडीचे अर्ज मागविण्यापूर्वी शासनाने प्रत्येक आस्थापनेकडून एवढेच लिहून घ्यावे: येथे कोण शिकविणार आणि काय शिकविणार. ज्यांना या दोन प्रश्नांची उत्तरे देता येणार नाहीत, त्यांच्याकडे तरुणांची अकरा महिने सोपवू नयेत.