वाट आणि वहिवाट

पावसाळा सरला, की बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील पायवाटांची निगा राखणाऱ्या स्वयंसेवकांची छायाचित्रे झळकू लागतात. एकसारखे टी-शर्ट, हातमोजे, बाटल्यांनी भरलेली पोती, आणि खाली ‘श्रमदान’ हा शब्द. या मंडळींच्या हेतूविषयी आम्हांला शंका नाही. रविवारची झोप मोडून कोणी जंगलात घाम गाळत असेल, तर खुर्चीत बसून लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांनी त्याची टवाळी करू नये. आमचा आक्षेप आहे तो ‘दान’ या शब्दाला. दान म्हटले की देणारा मालक ठरतो आणि घेणारा ऋणी. येथे मालक कोण आणि ऋणी कोण?

मुळात बाटल्या वेचणे ही स्वच्छता झाली. वाटेची निगा ही निराळी गोष्ट आहे. सह्याद्रीच्या कुशीतली पायवाट कचऱ्याने मरत नाही, ती पाण्याने मरते. उतारावरून सरळ उतरणारी वाट जूनमध्ये ओहोळ होते. माती वाहून जाते, दगड उघडे पडतात, चालणारे दगड चुकवून कडेने चालू लागतात आणि हातभर रुंदीच्या वाटेचा पाहता पाहता गाडीरस्ता होतो. उपाय जुना आहे. ठरावीक अंतरावर तिरका चर काढावा किंवा दगडांची आडवी ओळ बसवावी, म्हणजे पाणी वाटेवरून उतरून रानात जाते. चर पाचोळ्याने बुजतो, म्हणून तो पावसाआधी आणि भर पावसातही मोकळा करावा लागतो. याच उद्यानातल्या कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांपाशी खडकात खोदलेल्या पायऱ्या, पाण्याची टाकी आणि त्यांत पाणी नेणाऱ्या पन्हळी पाहाव्यात. तेथल्या भिक्षूंना पाण्याची वाट आणि माणसाची वाट एकत्रच विचारात घ्यावी लागते, हे उमगले होते.

काही वर्षांपूर्वी जुलैत आम्ही विद्यार्थ्यांना शिलोंड्याच्या वाटेने नेले होते. चिखल चुकवत आमची सारी पलटण गवत तुडवत कडेकडेने चालली. सोबत पाड्यातले एक वारली गृहस्थ होते. एका वळणावर त्यांनी बोलता बोलताच काठीने आणि टाचेने तुंबलेला चर मोकळा केला, पाणी वळले, ते पुढे निघाले. छायाचित्र कोणी काढले नाही. आम्हांलाही ती त्यांची लकब वाटली. वाट आम्ही मोडत होतो आणि ते ती राखत होते, हे ध्यानात यायला मराठीच्या प्राध्यापकांना बरीच वर्षे लागली.

वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे या रानात आहेत. या वाटांपैकी कितीतरी त्यांच्याच पायांनी, पाण्याला, सरपणाला, बाजाराला जाता जाता पडल्या. पण १९९५च्या याचिकेवर १९९७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला, आणि त्या धामधुमीत झोपडपट्ट्यांबरोबर आदिवासी पाड्यांनाही ‘अतिक्रमण’ हा शब्द चिकटला.

आपल्या भाषेत ‘वहिवाट’ असा एक अर्थगर्भ शब्द आहे. वापरात असलेली वाट आणि वापरातून आलेला हक्क, दोन्ही त्यात नांदतात. शेतातली वहिवाटीची वाट कोणी अडवली, तर १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याने तहसीलदारापुढे दाद मागता येते. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मात्र तीच वहिवाट संशयास्पद ठरते. २००६च्या वनहक्क कायद्याने परंपरेने उपभोगलेले हक्क मान्य केले, राष्ट्रीय उद्यानेही त्याच्या कक्षेत घेतली. तरी आपल्या बोलण्यात पाड्यातला माणूस घुसखोर आणि रविवारचा पाहुणा निसर्गसेवक हेच समीकरण टिकून आहे.

यावर कोणी म्हणेल, तुम्ही आदिवासींना देव्हाऱ्यात बसवता. पाड्यातली आजची मुले शहरात नोकऱ्या करतात, त्यांना तरी वाटा कुठे ठाऊक? हे काही अंशी खरे असेलही. परंतु ज्ञान पोट भरत नसेल, तर मुलाने ते बापाकडून का घ्यावे? आणि पैसा नाही ही सबब प्रवेशशुल्क घेणाऱ्या उद्यानाच्या वतीने कोणी सांगू नये. जे काम फुकट होते, त्याला अंदाजपत्रकात जागा मिळत नाही, एवढाच याचा अर्थ. स्वयंसेवकांचा उत्साह नकळत पाड्यातल्या संभाव्य रोजगारावरच पाय देतो, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे. रागावले तरी चालेल.

वाटांची निगा हे पाड्यांतल्या माणसांचे वर्षभराचे, पगारी काम असावे, आणि स्वयंसेवकांनी त्यांच्या हाताखाली, ते सांगतील तेथे, मेअखेरीच्या उकाड्यात चर खणावेत. आम्हीही येऊ. हजेरीपटावर आमची नावे मदतनीस म्हणून लिहिली तरी पुरे. मजुरीच्या रकान्यासमोर मात्र पाड्यातली नावे हवीत.