बाबासाहेबांना कोणी पाडलं? दुसऱ्या मताला विचारा

निवडणूक लागली की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोस्ट ठरलेली असते : काँग्रेसने बाबासाहेबांना दोनदा पाडलं. ती टाकणारा बहुतेक वेळा आपला नसतो, पण पुढे पाठवणारे आपलेच असतात. लगेच दुसऱ्या बाजूने उत्तर येतं की कम्युनिस्टांनी पाडलं. मग दोन दिवस भांडण. मतदान कोणत्या पद्धतीने झालं, मतं किती पडली, हे मात्र कोणीच विचारत नाही. ज्यांना बाबासाहेबांचं नाव फक्त विरोधकाच्या डोक्यात हाणायला हवं आहे त्यांचं काम एवढ्यावर भागतं. आपलं भागू नये.

तो मतदारसंघ आज अस्तित्वात नाही. नाव होतं मुंबई शहर उत्तर. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत तिथून दोन खासदार निवडायचे होते, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातीचा. प्रत्येक मतदाराला दोन मतं. पण अट अशी की दोन्ही मतं एकाच उमेदवाराला देता येणार नाहीत. दिली तर एक बाद.

ही अट नीट समजून घ्या, कारण सगळं मर्म तिथे आहे. १९३७ ला मुंबई प्रांताच्या विधानसभेसाठी मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला टाकता येत होती. मताधिकार मोजक्यांनाच होता, तरी भायखळा-परळ भागातून बाबासाहेब १३,२४५ मतं घेऊन निवडून आले. काँग्रेसने त्यांच्यासमोर नामवंत क्रिकेटपटू पी. बाळू यांना उभं केलं होतं, चांभार समाजातला माणूस, स्वतः अस्पृश्यता भोगलेला. त्यांना ११,२२५ मतं पडली. अल्पसंख्य समाज आपली ताकद एका ठिकाणी एकवटू शकत होता. स्वतंत्र भारतात ती सोय गेली.

आणि त्याही आधीचं दुसरं मत आठवा. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्यात अस्पृश्यांना दोन मतं मिळाली होती, एक स्वतःच्या स्वतंत्र मतदारसंघात आणि एक सर्वसाधारण मतदारसंघात. २४ सप्टेंबरला येरवड्यात पुणे करार झाला. जागा ७१ च्या १४८ झाल्या आणि स्वतंत्र मतदारसंघ गेले. जागा वाढल्या म्हणून आजही टाळ्या वाजवणारे आहेत. त्या जागांवर कोण बसणार हे ठरवण्याचा हक्क कोणाकडे गेला, हा प्रश्न टाळ्यांत बुडतो.

आता १९५२ चा निकाल. शेड्युल्ड कास्ट फेडरेशन आणि समाजवादी पक्षाची युती होती. राखीव जागेवर बाबासाहेब, सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता. काँग्रेसचे विठ्ठल गांधी आणि नारायण काजरोळकर. कम्युनिस्टांचे डांगे मैदानात होतेच. काजरोळकरांना १,३८,१३७ आणि बाबासाहेबांना १,२३,५७६ मतं पडली. फरक १४,५६१. मेहतांना मिळाली सुमारे १ लाख ४० हजार.

इथे थांबा. एकाच युतीचे दोन उमेदवार, मतदाराच्या हातात दोन मतं, तरी मेहतांना बाबासाहेबांपेक्षा सुमारे १६ हजार मतं जास्त! म्हणजे मेहतांच्या पेटीत मत टाकणाऱ्या किमान इतक्या लोकांचं वैध मत बाबासाहेबांना मिळालं नाही. यातले काही दोन्ही मतपत्रिका मेहतांनाच देऊन एक बाद करून बसले असतील, हे मान्य. पण पराभवाचा फरक त्या १६ हजारांपेक्षा कमी आहे. काँग्रेसने विरोध केला, तो विरोधकच होता. मित्राच्या मतदाराचं काय?

बाद मतांचा हिशेब वेगळाच. बाबासाहेब आणि मेहता यांनी निवडणूक याचिका दाखल केली, त्यात ७४,३३३ मतं बाद झाल्याचा मुद्दा होता. मतदारांनी दुसरं मत वाया घालवावं असा प्रचार झाला आणि त्यात डांगेंच्या पक्षाचा हात होता, हा बाबासाहेबांचा आरोप होता. निकाल बदलला नाही. वर्ग-वर्ग म्हणणाऱ्यांना गिरणीतला महार कामगार संपाच्या दिवशी दिसतो आणि मतपेटीपाशी दिसेनासा होतो, हे आपल्या लोकांनी तेव्हाच ओळखलं होतं.

मुंबईची गोष्ट अपवाद असेल असं कोणाला वाटत असेल तर १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक बघा. तिथेही दोन जागा. सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता जिंकले. राखीव जागेवर बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांवर मतांनी हरले. काँग्रेसची लाट होती म्हणावं, तर मेहता कसे आले? आणि लाटेचंच बोलायचं तर १९५२ ला सोलापुरात दोन्ही जागी काँग्रेस पडली होती, शेकापचे शंकरराव मोरे आणि फेडरेशनचे पां. ना. राजभोज निवडून आले होते.

पुढची वर्षं झरझर सांगतो. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत मध्य मुंबईतून डांगे आणि फेडरेशनचे गोपाळ माने जोडीने लोकसभेत गेले. ज्या डांगेंविरुद्ध पाच वर्षांपूर्वी तक्रार होती त्यांच्याच शेजारी. बाबासाहेबांच्या पश्चात काही महिन्यांत हे घडलं. दोनसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले. जानेवारी १९७४ ला मध्य मुंबईची पोटनिवडणूक लागली तेव्हा पँथरने बहिष्कार पुकारला, वरळीत दंगल पेटली, भागवत जाधव शहीद झाले आणि काँग्रेसचे रामराव आदिक रोझा देशपांडेंकडून हरले. १९९८ ला प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे, रामदास आठवले असे चौघे एकाच वेळी लोकसभेत पोचले, आणि चौघेही खुल्या जागांवरून. काँग्रेसशी समझोता होता, तो टिकला तेवढेच दिवस ते टिकलं.

समाजशास्त्र शिकताना ‘प्रतिनिधित्व’ हा शब्द आम्ही परीक्षेपुरता पाठ केला. तो मला नीट कळला तो नंदुरबार जिल्ह्यात काम करताना. माझं म्हणणं पुष्कळांना रुचणार नाही, तरी सांगतो.

आपल्या जिल्ह्यात लोकसभेची जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव. विधानसभेच्या चारही जागा तशाच. शहादा, पुरुषोत्तमनगर या भागातली बौद्ध पोरं म्हणतात, आपल्याला उभंच राहता येत नाही, मग आपल्याला काय? म्हणून मत कधी ओळखीवर जातं, कधी वाडीतल्या पुढाऱ्याच्या शब्दावर, कधी रात्रीच्या पाकिटावर. मित्रांनो, मुंबई शहर उत्तरमध्ये जी जागा सवर्ण मतदाराची होती, त्या जागेवर इथे आपण उभे आहोत! दुसऱ्या समाजाच्या राखीव जागेवर कोण बसेल हे आपणही ठरवतो आहोत.

जिल्ह्यात आदिवासी बहुसंख्य आहेत, त्यामुळे मुंबईचं गणित इथे जसंच्या तसं लागत नाही, हे मला कळतं. पण सपाटीवरच्या ऊसपट्ट्यात आदिवासी उमेदवार कोणाला सोयीचा, याची चर्चा बिगरआदिवासी बैठकीतही होते आणि ती कशासाठी होते हे शहाद्याला नवं नाही. १९७० च्या दशकात इथेच अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेने आदिवासींच्या गेलेल्या जमिनी आणि सालदारांची मजुरी यासाठी लढा दिला. त्या लढ्याचा वारस कोण आणि जमीनवाल्यांचा माणूस कोण, हे आपल्या वस्तीला ओळखता येतं. ओळखूनही आपण दुसऱ्याला मत देणार असू, तर १९५२ च्या त्या १६ हजारांवर बोट कोणत्या तोंडाने ठेवायचं?

पुणे कराराचा धिक्कार आपण दरवर्षी करतो, करायलाच हवा. कांशीराम यांनी ‘चमचा युग’ लिहिलं ते याच करारातून निपजणाऱ्या प्रतिनिधीवर. पण चमचा फक्त आपल्याच समाजात तयार होतो असं नाही. दुसऱ्याच्या समाजातला चमचा निवडायला आपलं मत कामी येत असेल तर त्या धिक्काराला अर्धाच अर्थ उरतो.

तेव्हा यावेळी उमेदवार वस्तीत आला की समाजमंदिराच्या पत्र्यांचं मागाहून बोला. आधी विचारा, वनहक्काचे किती दावे पडून आहेत आणि तू त्यासाठी कोणत्या कार्यालयात किती वेळा गेलास? ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची पोरं सहा महिने शाळेबाहेर असतात, त्यावर सभागृहात काय बोललास? आणि हे विचारायला पाड्यावरचे चार जण सोबत घ्या. प्रश्न त्यांचे आहेत, त्यांनी आधी बोलावं.