गवताची काडी

आमच्या घरात दोन पक्षांचे भांडण मिटेनासे झाले की पंच म्हणून मला नेमतात. पंचाला मानधन नसते. उलट दोन्ही पक्षांचा राग तेवढा पदरी पडतो. गेल्या एप्रिलात असाच एक खटला माझ्यापुढे आला. फिर्यादी आमची सूनबाई. आरोपी आमची नात, वय वर्षे चौदा. मुद्देमाल म्हणजे उशीखाली सापडलेल्या तीन जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या.

“आई, पुढच्या वर्षी हिची दहावी. आणि ही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचते काय, तर रक्त पिणारी माणसं, नाहीतर एकमेकांना मारणारी पोरं! तुम्ही जन्मभर वाचनालयाची वर्गणी भरलीत. तुम्हीच वाचा आणि सांगा, द्यावीत का ही पुस्तकं हिच्या हातात?”

मी गंभीर चेहरा करून मुद्देमाल ताब्यात घेतला. माझा स्वतःचा पूर्वेतिहास काही तेव्हा सांगितला नाही. वाचकहो, तो तुम्हांला सांगते. मी याच वयाची असताना नारायण धारपांच्या भयकथांनी मला झपाटले होते. एकदा वडिलांनी पुस्तक हातातून काढून घेतले आणि माळ्यावर टाकले. दुपारी सारे झोपल्यावर मी शिडी लावून माळ्यावर चढले आणि कोळिष्टकांत बसून ते संपवले. भीती वाटली ती दुप्पट. कारण एक भूत पुस्तकातले आणि दुसरे खाली घोरत असलेले वडील! पुस्तक जप्त करण्याचा उपयोग किती, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

मे महिन्यात नातीला आणि पुस्तकांना घेऊन मी माहेरी गेले. माझे माहेर वीरचे, महाडच्या अलीकडे. 1993 साली रोह्यापासून वीरपर्यंत कोकण रेल्वे आली आणि काही काळ तिचे शेवटचे टोक आमचे वीरच होते. आता दिव्याहून सुटणारी सावंतवाडीची पॅसेंजर तिथे थांबते. माझा भाऊ आणि वहिनी अजून जुन्या घरात राहतात. ओटीवर झोपाळा आहे. त्या झोपाळ्यावर बसून, शब्दकोश शेजारी ठेवून, मी तिन्ही कादंबऱ्या वाचल्या.

पहिली स्टेफनी मायर या अमेरिकन बाईंची, ‘ट्वायलाइट’. ही 2005 सालची. सतरा वर्षांची मुलगी एका पावसाळी गावात वडिलांकडे राहायला येते आणि वर्गातल्या एका देखण्या मुलाच्या प्रेमात पडते. तो निघतो रक्तपिपासू पिशाच्च. पण गृहस्थ सोवळ्यातले. माणसाचे रक्त वर्ज्य, जनावरांच्या रक्तावर भागवतात. उन्हात त्यांचे अंग हिऱ्यासारखे चमकते. जन्म 1901 चा, वय सतराच्या पुढे सरकत नाही, म्हणून अजून शाळेत जातात. शंभरी उलटली तरी शाळा सुटत नाही, याहून भयंकर शाप मला तरी सुचत नाही.

आमच्या कोकणातली भुते अशी गोंडस नव्हती. पिंपळावरचा मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा. विहिरीवरची हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. समंधाच्या मागे कसली तरी अपुरी राहिलेली वासना. प्रत्येक भुतामागे कुणाचे तरी दुःख होते, आणि कधीकधी घराण्याचे एखादे पापही. शिवाय ती कामाची भुते होती. विहिरीला कठडा नसला की हडळ राखणीला असे. पोराने तिन्हीसांजेला रानात जाऊ नये म्हणून चकवा असे. आजी भुताची गोष्ट सांगे ती कंदील जवळ ठेवून. गोष्ट संपली की तीच आम्हांला धरून मागीलदारी नेई आणि परत आणी.

‘ट्वायलाइट’विषयी माझी खरी तक्रार दातांबद्दल नाही. तो मुलगा रात्री त्या मुलीच्या खोलीत शिरतो आणि तिच्या नकळत तिला झोपलेली पाहत बसतो. याला पुस्तकात प्रेम म्हटले आहे. मी नातीला म्हटले, “असला मुलगा पिशाच्च नसून साक्षात राजपुत्र असता, तरी मी त्याला काठी दाखवली असती.”

ती म्हणाली, “आजी, मलाही तो भाग नाही आवडला. आमच्या वर्गात त्यावरून केवढी भांडणं झाली! अर्ध्या मुलींना तो छान वाटतो, अर्ध्यांना किळस येते.”

पंच थोडा ओशाळला. पोरी वाचतात म्हणजे गिळतात, असा आपला समज. त्या चावूनही खातात.

दुसरी कादंबरी व्हेरॉनिका रॉथ यांची ‘डायव्हर्जंट’, 2011 ची. शिकागो शहराचे पाच गट पाडलेले. सोळाव्या वर्षी मुलामुलींची परीक्षा होते आणि त्यांनी एक गट निवडायचा. निवड चुकली की गटाबाहेर, म्हणजे रस्त्यावर. मला कथानक जरा ओढूनताणून आणलेले वाटले. एवढे मोठे शहर असे पाच खणांच्या डब्यात मावते कसे? पण नात शांतपणे म्हणाली, “सायन्स, कॉमर्स की आर्ट्स?” मी पुढे बोलले नाही. सूनबाईच्या कपाटात शिकवणी-वर्गांची चार माहितीपत्रके मी पाहिली होती.

तिसरे पुस्तक मात्र मी रात्री वाचत बसले आणि वहिनीने दोनदा दिवा मालवायला सांगितला. सुझन कॉलिन्स यांचे ‘द हंगर गेम्स’, 2008 चे. पुढच्या काळातली अमेरिका. तिचे बारा जिल्हे आणि एक चैनी राजधानी. पूर्वी जिल्ह्यांनी बंड केले, त्याची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्याने बारा ते अठरा वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी द्यायची. या चोवीस मुलांनी एकच उरेपर्यंत एकमेकांना मारायचे आणि साऱ्या देशाने ते दूरदर्शनवर पाहायचे. नावे चिठ्ठ्या टाकून निघतात. पण गरिबाच्या मुलाला थोडे धान्य आणि तेल हवे असेल, तर त्याने आपल्या नावाची चिठ्ठी एकदा जास्त घालायची. म्हणजे चिठ्ठी सर्वांना सारखी, पण निघायची बहुधा उपाशी पोराचीच! हे वाचून मी पुस्तक मिटून पाणी प्यायले.

चिठ्ठीत बारा वर्षांच्या बहिणीचे नाव निघते आणि सोळा वर्षांची कॅटनिस पुढे होऊन म्हणते, तिच्याऐवजी मी जाते.

ही गोष्ट मला ओळखीची वाटली. आपल्या महाभारतातला बकासूर आठवा. एकचक्रा नगरीत रोज एका घराची पाळी. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस. राजा नाकर्ता. ज्या ब्राह्मणाच्या घरी पांडव उतरलेले असतात त्याची पाळी येते. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मी. तेवढ्यात धाकटा बोबडा मुलगा गवताची काडी उचलतो आणि म्हणतो, या काडीने मी राक्षसाला मारीन. सारे रडता रडता हसतात. मग आतून कुंती येते आणि म्हणते, मला पाच मुलगे आहेत, त्यांतला एक जाईल.

मी नातीला ही गोष्ट सांगितली आणि विजयाने म्हटले, “बघ, तुझ्या कॉलिन्सबाईंच्या किती आधी आमच्याकडे लिहून ठेवलंय!”

ती थोडा वेळ झोपाळ्याला झोका देत राहिली. मग म्हणाली, “पण आजी, यात मोठी माणसं उठतात. कॅटनिसच्या गोष्टीत कुणीच उठत नाही. तिचे बाबा खाणीत गेले, आई दुःखानं गप्प झाली, अकरा वर्षांची असल्यापासून घर तीच चालवते. तिच्या हातात नुसती काडीच आहे.”

मी भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर वाढलेली बाई. त्या गोष्टींत जग एकंदरीत ठीक असे. एखादा बदमाश असे, तो फेणे पकडून देई आणि पोलीस त्याला घेऊन जात. या नव्या पुस्तकांत बदमाश पकडून द्यावा तर कुणाकडे, हाच प्रश्न आहे. मी म्हटले, “इतकं काळं कशाला रंगवायचं जग?”

त्यावर तिने ओटीवरून समोरच्या डोंगराकडे बोट केले. “मामाआजोबा काल सांगत होते, तिकडे दासगावला दरड कोसळली.”

दासगाव आमच्या शेजारचे. 2005 च्या जुलैत महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी आल्या आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. भावाच्या ओळखीची त्यांत होती. तो त्याविषयी फारसे बोलत नाही. त्यानंतर पाहण्या झाल्या, धोक्याच्या गावांच्या याद्या झाल्या. सोळा वर्षांनी, 22 जुलै 2021 ला, याच तालुक्यातल्या तळीयेवर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसे गेली.

“पहिल्यांदा माहीत नव्हतं, समजलं. पण दुसऱ्यांदा?” नातीने विचारले. “मधल्या सोळा वर्षांत मोठी माणसं काय करत होती?”

मला उत्तर आले नाही. जन्मभर वर्गणी भरलेल्या बाईला उत्तर आले नाही, हे इथे लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी मी तिला महाडला चवदार तळ्यावर नेले. उत्तर म्हणून नव्हे. पण काहीतरी दाखवायला हवे होते. तिला सांगितले की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 साली झाला होता आणि 1924 साली महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केले होते. कागदावर सगळे ठीक होते. पाणी मात्र अस्पृश्यांना मिळत नव्हते. 20 मार्च 1927 रोजी पस्तिशीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकांच्या पुढे चालत आले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्यायले. मग बाकीचे प्यायले. त्यापायी लोकांनी मार खाल्ला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल हाती यायला 1937 साल उजाडले.

नात पायऱ्यांवर बराच वेळ बसली होती. उठताना एवढेच म्हणाली, “म्हणजे कुणीतरी मोठं आधी उठलं.”

घरी आल्यावर मी सूनबाईला निकाल दिला. पुस्तके द्यावीत. रात्री अकराला दिवा बंद, ही अट रास्त आहे, ती पाळावी. पण पोर ही पुस्तके वाचते म्हणून तिचे मन काळवंडले, असे समजू नये. तिला जे दिसते आहे, ते कुणीतरी सरळ बोलते आहे, म्हणून ती वाचते. आमची आजी भुताची गोष्ट सांगून कंदील घेऊन बरोबर येत असे. या मुलांना गोष्ट मिळाली आहे, बरोबर येणारे माणूस मिळालेले नाही. तेव्हा दुसरी अट वडीलधाऱ्यांसाठी : तिने वाचलेले पुस्तक घरातल्या एका तरी मोठ्या माणसाने वाचावे आणि तिच्या प्रश्नाला, उत्तर येवो न येवो, समोर बसावे.

सूनबाई आधी फुरंगटली. पण परवा चकल्या तळायला बसले, तर झारा माझ्या हाती देऊन ती ‘द हंगर गेम्स’ची शेवटची पाने संपवत होती. डोळे पुसले ते तळणीच्या धुराने, असे तिचे म्हणणे आहे. आमचे चिरंजीव मात्र अजून “वेळ नाही” म्हणतात. त्यांच्या उशीखाली मी पुस्तक ठेवून दिले आहे.