मधल्या वेळातली मुंबई

आमच्याकडे पाहुणे मुक्कामाला फारसे येत नाहीत. ते येतात दोन गाड्यांच्या मधल्या वेळात. घणसोली गाव म्हणजे ठाण्याहून लोकलने पंधरा-वीस मिनिटं. २००४ साली ठाणे-वाशी लोकल सुरू झाली आणि आमचं घर जणू ठाणे स्टेशनची वेटिंग रूमच झालं! विदर्भाकडची गाडी पहाटे ठाण्याला सोडते, कोकणाकडची दुपारी निघते. मधे आंघोळ, चहा-पोहे, थोडं लवंडणं आणि पुढच्या प्रवासाचा डबा. चारी बाजूंनी सिडकोचे सेक्टर उभे राहिलेत, पण आगरी-कोळ्यांचं जुनं गावठाण अजून दाटीवाटीचं आहे. रिक्षावाल्याला 'घणसोली गाव' असं ठासून सांगावं लागतं, नाहीतर तो भलत्याच सेक्टरमध्ये फिरवतो.

इतक्या वर्षांत एक गोष्ट मी बघत आलेय. पुरुष पाहुणा असेल तर आंघोळ झाली की 'जरा जाऊन येतो' म्हणत बाहेर पडतो. दादर, मस्जिद बंदर, फोर्ट, कुठेही. कुणाला काही सांगत नाही, कुणी काही विचारत नाही. बाई पाहुणी असेल तर ती पदर खोचून ओट्याशी येते. 'तुम्ही बसा, मी लसूण सोलते.' मुंबई तासाभरावर असते आणि ही माझ्या स्वयंपाकघरात लसूण सोलत बसते!

कारण बाईचा प्रवास बहुतेक वेळा कामाचाच असतो. कुणाचं बाळंतपण, कुणाचं आजारपण, लेकाची अ‍ॅडमिशन, भाच्याचं लग्न. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट झालं आणि गावोगावच्या स्टँडवर एकेकट्या बायका दिसू लागल्या, हे फार चांगलं झालं. तिकीट निम्मं झालं, पण 'मी जरा फिरून येते' हे वाक्य अजून तोंडातून निघत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझी धाकटी नणंद अमरावतीहून आली. लेक सुरतकलला इंजिनिअरिंगला आहे, ती आजारी पडली म्हणून आई निघाली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या आयुष्यात एवढा लांबचा प्रवास एकटीने करायची ही पहिलीच वेळ. अमरावती एक्स्प्रेसने पहाटे ठाणे, दुपारी ठाण्याहूनच मत्स्यगंधा. नवऱ्याची सूचना होती, 'तडक घणसोलीला जायचं, घरात बसायचं, वेळेवर निघायचं.' लेकीचा ताप उतरल्याचा फोन आठ वाजता आला आणि बाईसाहेबांच्या जिवात जीव आला. तरी दहा वाजेपर्यंत चुळबुळ चालली होती. मग हळूच म्हणाली, "वहिनी, मले समुद्र पाहाचा आहे. बाकी काही नाही."

खाडी आमच्या गावाच्या अंगाशीच आहे. पण खाडी म्हणजे समुद्र नव्हे, एवढं तिलाही कळत होतं. वार रविवार, म्हणजे गर्दी कमी पण मेगाब्लॉक! सामान माझ्या मुलाच्या गळ्यात टाकलं, 'तीनला ठाण्याच्या पुलावर उभा राहा' म्हटलं, आणि निघालो. रखडत रखडत सीएसएमटीला पोचायला सव्वाबारा झाले. २००४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेली ती देखणी इमारत तिने मान वर करून तीन मिनिटं बघितली. मग टॅक्सी, आणि मरीन ड्राइव्ह.

चाळीस मिनिटं आम्ही कठड्यावर बसलो. ऊन डोक्यावर होतं. मधेच फोन वाजला. 'घरीच आहेस ना?' ती म्हणाली, 'हो, वहिनीजवळच आहे.' यात खोटं काहीच नव्हतं!

पण मला लिहायचंय ते वेगळंच. मी पाण्याची बाटली पुढे केली तर तिने घेतली नाही. विचारलं तेव्हा कळलं, आदल्या संध्याकाळपासून तिने जेमतेम दोन घोट पाणी प्यायलं होतं. का, तर रात्री डब्यातल्या संडासाकडे एकटीने जायला नको आणि शहरात 'ते' कुठे असतं ते माहीत नाही. बायांनो, हे तिचं एकटीचं नाही. आपल्यातल्या निम्म्याजणी असाच कोरडा प्रवास करतात. मग घरी पोचल्यावर लघवीची जळजळ, ताप, डॉक्टर. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, तेही बंद दारांसमोर उभं राहून, हा प्रश्न घेऊन मुंबईत २०११ साली 'राइट टू पी' ही चळवळ उभी राहिली. तेव्हा अनेकजण नावाला हसले. हसणाऱ्यांना बारा तास पाण्याविना प्रवासाला पाठवायला हवं होतं.

तिला मी सीएसएमटीच्या महिला प्रतीक्षालयात नेलं. लांबच्या गाडीचं तिकीट हातात असेल तर तिथे हक्काने बसता येतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. सामान कुलूप लावलेलं असेल तर मोठ्या स्टेशनवर क्लोक रूममध्ये ठेवता येतं, गाडीत काही त्रास झाला तर १३९ नंबर लावायचा, हेही नाही. एकच तिकीट ५०० किलोमीटरपेक्षा लांबचं असेल, तर पहिले ५०० किलोमीटर झाल्यावर वाटेतल्या स्टेशनवर उतरून दोन दिवस थांबता येतं (राजधानी-शताब्दीसारख्या गाड्या सोडून). हे नियम आजचे नाहीत. पण घरात तिकीट काढतो नवरा किंवा मुलगा, आणि नियम त्याच्यापाशीच राहतात. बाईच्या हातात येतो फक्त डबा-सीट नंबर लिहिलेला कागद, हल्ली मेसेज.

परतीच्या लोकलने घाम फोडला. मुलुंडच्या अलीकडे गाडी जी थांबली ती हलेना. नणंद देवाचं नाव घेत होती, मी घड्याळाकडे बघत होते. ठाण्याला तीन वाजून दहा मिनिटांनी उतरलो. पुलावर माझा मुलगा दोन बॅगा, लाडवांचा डबा आणि वैतागलेला चेहरा घेऊन उभा! मत्स्यगंधा आली, ती चढली, आणि खिडकीतून पहिलं काय केलं, तर पाण्याची बाटली मागून घेतली.

परतीचं तिकीट तिने लेकीच्या हॉस्टेलवरून स्वतः काढलं. मत्स्यगंधा सकाळी मुंबईत येते, अमरावतीची गाडी रात्री निघते. म्हणजे सबंध दिवस हातात. मला फोन आला, "वहिनी, आंघोळ मी वेटिंग रूममध्ये उरकते. तुम्ही घरी वाट पाहू नका, थेट ऐरोलीला या. खाडीत रोहित पक्षी येतात म्हणे." आणि घरी काय सांगितलंस, असं विचारलं तर म्हणते, "सांगितलं, गाड्यांचं टाइमटेबलच तसं आहे."