ट्रॅक्टर आला तरी एक बैलजोडी दावणीला



ज्यांच्या दारात ट्रॅक्टर आला, त्यांना एक गोष्ट वेगळी सांगायला नको. नांगरट ट्रॅक्टरने होते, ट्रॉली ट्रॅक्टरने जाते. पण सोयाबीन वीतभर झाले आणि कोळपणीची वेळ आली, की शेजाऱ्याच्या बैलजोडीची आठवण होते. ट्रॅक्टर दारात येताच ज्याने बैल बाजार दाखवले, तो त्या दिवशी बांधावर उभा राहून हात चोळतो. बैलाचे कोळपे ट्रॅक्टरला जुंपता येत नाही, हे त्याला तेव्हा कळते.

कॉम्प्युटरचेही असेच आहे. "कॉम्प्युटरचा आणि आमचा काय संबंध?" असे म्हणू नका. तुमच्या दुधाचे फॅट, लिटर आणि बिल आज त्याच्याच पोटात असते. सोसायटीचे कर्जखाते, खताच्या दुकानातली उधारी, मुलांचा अभ्यास, सारे तिथेच आहे. म्हणून दोन शब्द समजून घेऊ.

कॉम्प्युटरचे यंत्र म्हणजे नुसती जमीन. तिच्यावर आधी एक मुख्य कारभारी बसवावा लागतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज हा एक कारभारी, लिनक्स हा दुसरा. लिनक्सची सुरुवात १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केली. त्याच्या बहुतेक प्रकारांना पैसे पडत नाहीत, आणि जुन्या यंत्रावरही तो बरा चालतो. मात्र विंडोजसाठी केलेला प्रोग्राम लिनक्सवर तसाच्या तसा चालत नाही. यंत्र तेच, पण कारभाऱ्याची भाषा वेगळी.

हा विषय आज काढायचे कारण असे. विंडोज १० ही २०१५ सालची आवृत्ती. तिला सुरक्षेची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच मिळाली. त्या दिवसानंतर यंत्रे बंद पडली नाहीत, पण कुंपणाची डागडुजी थांबली. पुढची आवृत्ती विंडोज ११, ती बऱ्याच जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. मग नवे यंत्र घ्यायचे, की जुन्यावर लिनक्स बसवायचे, हा प्रश्न पुष्कळ ठिकाणी उभा राहिला.

आमच्या शेजारच्या गावातल्या दूध संस्थेपुढेही तो आला. सचिवांचा मुलगा कॉलेजात शिकलेला, हुशार आणि निर्व्यसनी. २०२५ च्या दसऱ्यानंतर त्याने एका दुपारी संस्थेच्या कॉम्प्युटरवरचे विंडोज पुसून लिनक्स बसवले. यंत्र झपाझप चालू लागले. सचिवांनी कौतुकाने पेढे आणले.

संध्याकाळी दूध घालायला माणसे आली आणि लक्षात आले, की हिशोबाचा प्रोग्राम चालतच नाही. तो विंडोजचा. ज्याने करून दिला, तो माणूस केव्हाच गाव सोडून गेलेला. हिशोबाची प्रत पेन ड्राइव्हवर होती, पण ती उघडायला तोच प्रोग्राम लागणार. म्हणजे तिजोरी घरात, पण किल्ली हरवलेली! शिवाय ती प्रत पंधरा दिवसांपूर्वीची. वसुबारसेच्या आत सभासदांना फरक वाटायचा होता. त्या फरकावर कुणाची दिवाळी, कुणाच्या पोराची फी, कुणाचे रब्बीचे बियाणे अवलंबून होते. सचिवांना दोन रात्री झोप नव्हती.

तालुक्याच्या गावाहून दुरुस्तीवाल्या मुलाला आणले. त्याने कपाट धुंडाळून प्रोग्रामची जुनी सीडी काढली. यंत्राची मेमरी वाढवून लिनक्सच्या पोटातच एक नकली यंत्र उभे केले. त्यात रीतसर परवाना घेऊन विंडोज बसवले आणि त्यावर तो प्रोग्राम. पेन ड्राइव्हवरचा हिशोब तिथे उघडला तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

राहिले मधले पंधरा दिवस. ते कुठून आणायचे? संस्थेने दवंडी दिली, की ज्याचे त्याने दुधाचे कार्ड घेऊन यावे. कुणाचे भिजलेले, कुणाचे पोराने रेघोट्या मारलेले. एका म्हाताऱ्या आजींनी मात्र पिठाच्या डब्यामागून स्वच्छ कार्ड काढून आणले. सकाळ-संध्याकाळची प्रत्येक नोंद तिच्यावर होती. सचिव म्हणाले, "काकू, तुमच्यामुळे आमचा मेळ बसला बघा." आजी म्हणाल्या, "बाळा, तुझं मशीन विसरलं म्हणून मी कशाला विसरू? गाय माझी आहे." फरक वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी वाटला गेला.

त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता, लिनक्सही वाईट नव्हते. चुकला तो क्रम. बैल आधी विकले आणि कोळपणीचा विचार मागून केला.

मग करायचे कसे? वाटा चार आहेत.

पहिली वाट, त्याच कामाचा नवा प्रोग्राम शोधणे. पत्रे आणि तक्ते करायला लिब्रेऑफिस आहे. ते फुकट मिळते आणि जुनी वर्ड, एक्सेलची कागदपत्रे बहुधा उघडते. साध्या कामाला एवढे पुरते.

दुसरी वाट दुभाष्याची. वाइन नावाचा प्रोग्राम आहे. नाव वाइन, पण प्यायची नव्हे! १९९३ पासून त्याचे काम चालू आहे. विंडोजच्या प्रोग्रामचे बोलणे तो लिनक्सला समजावून देतो. काही प्रोग्राम त्यावर उत्तम चालतात, काही अडखळतात, काही उभेच राहत नाहीत. सहीचे टोकन किंवा कुलपाची किल्ली यंत्राला जोडावी लागत असेल, तर आधी करून बघितल्याशिवाय भरवसा धरू नये.

तिसरी वाट पोटातल्या नकली यंत्राची, जी त्या संस्थेने शेवटी धरली. व्हर्च्युअलबॉक्ससारखा प्रोग्राम ते करतो. त्याला मेमरी जास्त लागते. आठ जीबी असली तर बरे. विंडोजचा परवाना लागतोच. आतले विंडोज जुने असेल, तर त्याला इंटरनेट जोडू नये.

चौथी वाट दोन दरवाज्यांची. एकाच यंत्रावर दोन्ही कारभारी ठेवायचे आणि सुरू करताना कोण हवा ते निवडायचे. आधीच्या विंडोजला धक्का न लावता शेजारी लिनक्स बसवता येते. पण जागेची वाटणी करताना चूक झाली तर सगळे जाऊ शकते. म्हणून आधी प्रत काढावी.

आणि यांपैकी काहीच जमत नसेल, तर जुने यंत्र इंटरनेटपासून तोडून त्या एकाच कामापुरते कोपऱ्यात ठेवावे. त्यात कमीपणा नाही.

मराठीची एक अडचण वेगळीच. जुन्या काळी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये केलेले ठराव आणि याद्या नव्या यंत्रावर उघडल्या, तर तो फॉन्ट नसल्यास अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा चिवडा दिसतो. मजकूर गेलेला नसतो. अक्षरांचे क्रमांक निराळे असतात, एवढेच. असे मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेता येतात. मात्र हे काम जुने यंत्र चालू आहे तोवरच करावे. म्हणजे मूळ कागद शेजारी ठेवून ताडून पाहता येते.

हे फक्त खेड्यातल्यांचेच होते असे नाही. जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या नगरपालिकेने २००३ साली लिनक्सकडे जायचे ठरवले. पुढच्या दहा वर्षांत १४,००० हून अधिक यंत्रे बदलली. तरी काही खास कामांसाठी विंडोजची यंत्रे ठेवावीच लागली, आणि २०१७ साली तिथल्या सभेने पुन्हा विंडोजकडे वळायचा ठराव केला. एवढ्या मोठ्या शहराची ही कथा, तर आपण सबुरीने घेतलेले बरे.

म्हणून बदल करण्याआधी कागदावर यादी करा. रोज कोणते प्रोग्राम लागतात, वर्षातून एकदाच कोणता लागतो, आणि कोणत्या प्रोग्रामशिवाय पैसे अडतील? प्रत्येकाची नव्या ठिकाणी चाचणी घ्या. हिशोबाच्या दोन प्रती काढा, आणि एक कोऱ्या यंत्रावर उघडून बघा. न उघडलेली प्रत ही प्रतच नव्हे. महिनाभर जुने आणि नवे शेजारी शेजारी चालवा. कोळपणी झाली, की मग बैलांचे काय ते ठरवा.

आणि घरातल्या मायबहिणींनो, तुमचे दुधाचे कार्ड जपून ठेवा. कॉम्प्युटर कितीही बदलोत, गाय तुमची आहे.